सुई, नैराश्य आणि एचआयव्ही : आपल्या घरांसाठी थोडी माहिती

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या आखणीची बैठक चालू असताना आरोग्यविषयक व्याख्यानाचा विषय निघाला. मधुमेह होऊन गेला होता, गुडघेदुखी होऊन गेली होती, मोतीबिंदू तर दोनदा झाला होता. आम्ही जरा चाचरतच सुचवले, की या वेळी नशेची इंजेक्शने घेणाऱ्या मुलांचे नैराश्य आणि त्यातून वाढणारा एचआयव्हीचा धोका यावर कोणा डॉक्टरांना बोलवावे. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अहो, आपल्यात कुठे आहे हे? आणि उत्सवात लहान मुलेबाळे असतात." विषय तिथेच संपला. दातांच्या आरोग्यावर व्याख्यान झाले आणि ते चांगलेही झाले, त्याबद्दल तक्रार नाही.

पण "आपल्यात कुठे आहे" हा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो, कारण त्याचे उत्तर आम्हाला माहीत होते. म्हणून संकेतस्थळाच्या संपादकांकडे ही जागा मागून घेतली.

आधी एक खुलासा. आम्ही डॉक्टर नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पुढे जे लिहिले आहे ते वाचून, डॉक्टरांना विचारून आणि एका घराचे जवळून पाहून लिहिले आहे. त्या घरातील आई आणि मुलगा या दोघांचीही परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आम्ही शाखाधिकारी असताना लष्करातल्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या ताई आमच्या ग्राहक होत्या. यजमान गेलेले, पेन्शन आणि सात-आठ मुदत ठेवी. एका वर्षात त्यांनी त्यातल्या पाच मुदतीआधी मोडल्या. दर वेळी आम्ही नियमाप्रमाणे सांगायचो की व्याज कमी मिळेल, आणि दर वेळी त्या म्हणायच्या, "चालेल साहेब, घरखर्च आहे." सहाव्या वेळी आम्ही त्यांना केबिनमध्ये बसवून चहा मागवला. तेव्हा त्या बोलल्या. धाकटा मुलगा आधी स्मॅक ओढत होता, आता सुई घेत होता. घरातली भांडी गेली, सोन्याची साखळी गेली. "पण साहेब, पैशाचे काही नाही. तो दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असतो. जेवत नाही. मला म्हणतो, आई, मी असलो काय नि नसलो काय. त्याला मनाच्या डॉक्टरकडे नेऊ का?"

आम्ही म्हणालो, "ताई, आधी ती नशा सुटू द्या. नशा सुटली की मन आपोआप ताळ्यावर येईल."

हे वाक्य आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने बोललो. त्यांना आणखी दोन-तीन जाणत्या माणसांनी हेच सांगितले, आणि जवळजवळ दोन वर्षे तशीच गेली. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

आता थोडे मुळापासून. पुण्या-मुंबईकडे ज्याला गर्द म्हणतात, त्यालाच आपल्याकडे स्मॅक म्हणतात. हे अशुद्ध हेरॉईन, म्हणजे अफूपासूनच केलेला पदार्थ. सुरुवात बहुधा पन्नीवर ठेवून, खालून आच देऊन धूर ओढण्याने होते. काही महिन्यांत तेवढ्याने भागत नाही आणि माल महाग पडू लागतो. मग कोणीतरी दाखवतो, की सुईने घेतले तर थोडक्यात काम होते. उत्तर भारतात पुष्कळ जण हेरॉईनऐवजी औषधांच्या दुकानातील वेदनाशामक इंजेक्शनेच इतर औषधांत मिसळून टोचून घेतात. नाही मिळाले की अंग मोडून येते, नाक-डोळे वाहतात, पोटात मुरडा येतो, झोप उडते. पुण्याकडची मुले याला 'टर्की' म्हणतात. हा त्रास टाळण्यासाठी पुढची सुई, असे ते चक्र आहे. मौजमजा केव्हाच संपलेली असते.

एचआयव्हीचा संबंध कसा येतो? शीर सापडली की नाही हे पाहण्यासाठी टोचणारा दट्ट्या थोडा मागे ओढतो आणि सिरिंजमध्ये रक्त येते. औषध आत गेले तरी सुईत आणि नळीत रक्ताचा अंश उरतोच. तीच सुई दुसऱ्याने वापरली, की तो अंश थेट त्याच्या रक्तात जातो. सिरिंजमध्ये बंद राहिलेल्या रक्तात हा विषाणू काही दिवस, कधी काही आठवडेही तग धरू शकतो. नुसती सुईच नाही, माल विरघळवण्याचे पाणी, झाकण, कापसाचा बोळा हे सामायिक वापरले तरी धोका असतो. हिपॅटायटिस सी तर याच वाटेने अधिकच सहज पसरतो.

आकडे पाहायची आमची जुनी सवय आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक नशेची इंजेक्शने घेतात. आपल्या देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे 'नॅको'च्या २०२१ च्या पाहणीत इंजेक्शनने नशा करणाऱ्यांत तेच प्रमाण ९ टक्क्यांच्या घरात होते. हजारात नव्वद. चाळीस पटींहून अधिक. शिवाय यातल्या अनेकांची लग्ने झालेली आहेत. सुईला कधी हातही न लावलेल्या बायकांपर्यंत हा आजार त्यांच्यामार्फत पोहोचतो.

आता नैराश्याकडे येऊ. २०१३ साली दिल्लीतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंजेक्शनने नशा करणाऱ्या पुरुषांशी बोलून त्यांच्या मनाची स्थिती तपासली होती. शंभरातल्या ऐंशींहून अधिक जणांमध्ये नैराश्याची लक्षणे होती. निम्म्याहून अधिक जणांच्या मनात मागच्या वर्षभरात जीव देण्याचे विचार येऊन गेले होते आणि एक तृतीयांशाहून अधिक जणांनी तसा प्रयत्नही केला होता. ही दिल्ली आपल्यापासून गाडीने चार-पाच तासांवर आहे. वाचल्यावर आम्ही ते पान बराच वेळ उलटले नाही.

नैराश्य म्हणजे दोन दिवस मन खट्टू होणे नव्हे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन खिन्न असते. आवडीच्या गोष्टींतला रस जातो. झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, आपण कोणाच्या कामाचे नाही असे वाटत राहते आणि कधी मरणाचे विचार येतात. हा आजार आहे आणि तो बरा होतो.

त्याने एचआयव्हीचा धोका का वाढतो, हे आम्हाला बँकेच्या भाषेत कळले. ठेवीच्या अर्जावर वारसाचा, म्हणजे नॉमिनीचा रकाना असतो. ज्याला उद्याची काळजी आहे तो माणूस तो रकाना नीट भरतो. एचआयव्हीवर उपचार केले नाहीत तर तो गंभीर रूप घ्यायला बहुतेकांच्या बाबतीत आठ-दहा वर्षे लागतात. दहा वर्षांनी येणाऱ्या आजाराची भीती आपण त्या मुलाला घालत असतो, ज्याला उद्याची सकाळच नको असते. त्याच्या लेखी त्या भीतीची किंमत शून्य आहे. सुई सामायिक वापरू नये हे त्याला ठाऊक असते. माहितीची उणीव नसते, स्वतःला वाचवावे असे वाटण्याची असते.

याला काही अगदी साध्या गोष्टी जोडल्या जातात. नवी सुई आणायला उठून दोन गल्ल्या चालत जावे लागते आणि नैराश्यात अंथरुणातून उठणेच डोंगराएवढे असते. मित्राने आपली सुई पुढे केली तर नको म्हणायला थोडा स्वाभिमान लागतो. निरोध वापरणे, तपासणीला जाणे, एचआयव्हीच्या गोळ्या रोज न चुकता घेणे, या सगळ्यासाठी 'मला जगायचे आहे' हे गृहीत धरलेले असते. आणि मनाचा सल बधिर करण्याचे एकच औषध त्याला माहीत असते, ते त्या सुईतच असते. म्हणून नैराश्य वाढले की सुयांची संख्या वाढते आणि सुया वाढल्या की सामायिक सुईचे प्रसंगही वाढतात.

आता आमचे वाक्य तपासून पाहू. "आधी नशा सुटू द्या" यात थोडे तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. नशा तुटल्यावरच्या दिवसांत जो त्रास होतो तो वरवर नैराश्यासारखाच दिसतो. झोप नाही, भूक नाही, मन उदास. त्यामुळे रुग्ण जरा स्थिर झाल्यावर डॉक्टर काही आठवडे पाहतात. पुष्कळांची उदासी तेवढ्यात बरीच ओसरते. ज्यांची ओसरत नाही, ज्यांना व्यसनाच्या आधीपासूनच नैराश्य होते किंवा मधल्या काळात नशा बंद असतानाही जे खिन्नच राहिले, त्यांना नैराश्याचे उपचार सुरू करावे लागतात. आणि जीव देण्याचे विचार असतील तर एक दिवसही थांबायचे नसते. म्हणजे थांबायचे ते काही आठवडे, आणि तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. घरात भिंतीकडे तोंड करून दोन वर्षे नव्हे.

शिवाय 'सुटू द्या' म्हणजे नुसत्या निर्धाराने सुटू द्या, असे आम्हाला म्हणायचे होते. अफूच्या जातीच्या नशेवर उपचार आहे. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी असते. केंद्रावर कर्मचाऱ्यासमोर ती जिभेखाली ठेवून विरघळवायची. तिने अंग मोडून येत नाही, तलफ शमते आणि सुईची गरज राहत नाही. माणूस रोज एका ठरलेल्या वेळी, एका ठरलेल्या जागी, त्याला नावाने ओळखणाऱ्या लोकांसमोर येऊ लागतो. नॅकोच्या कार्यक्रमात ही सोय मोफत आहे. जे अजून सुई सोडू शकलेले नाहीत त्यांना याच कार्यक्रमातून नवी सुई-सिरिंज देतात आणि वापरलेली परत घेतात.

हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हाला पटले नव्हते. एका नशेऐवजी दुसरी नशा, तीही सरकारी खर्चाने, आणि वर सुया फुकट! कर्ज बुडवणाऱ्याला आणखी कर्ज देण्यातला प्रकार वाटला. एका डॉक्टरांनी आम्हालाच उलट विचारले, "तुमच्या बँकेत हप्ता थकला की तुम्ही पहिल्याच दिवशी लिलाव करता की हप्ता बांधून देता?" हप्ता बांधून देतो. माणूस जिवंत राहिला, त्याला नवीन आजार जडला नाही, तर पुढे पाच वर्षांनी तो नशा सोडेलही. मेला तर काय सोडणार? इथे आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. कोंडून ठेवून किंवा एखाद्या केंद्रात काही महिने राहून नशा बंद झाली, की शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर त्याने जुन्याच मात्रेत पुन्हा घेतले तर तीच मात्रा जीवघेणी ठरते. "महिनाभर बरा होता आणि अचानक गेला" अशा गोष्टींमागे अनेकदा हेच असते.

नैराश्यावरच्या उपचाराचे दोन भाग आहेत. पहिला औषधांचा. या गोळ्यांची सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर घरचे म्हणतात "काही फरक नाही" आणि बंद करतात. बरे वाटल्यावरही त्या किमान सहा महिने तरी चालू ठेवाव्या लागतात. झोपेच्या गोळ्या मात्र वेगळ्या. त्या ब्युप्रेनॉर्फिनसोबत स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे, श्वास मंदावू शकतो. मामाला लागू पडल्या म्हणून भाच्याला दिल्या, असे करू नये.

दुसरा भाग बोलण्याचा, आणि यात गोव्यातून शिकण्यासारखे आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्यासोबत एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यासोबत सहा ते आठ बैठकी मिळाल्या. बैठकी घेणारे डॉक्टर नव्हते, थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे होती. पद्धत अगदी घरगुती वाटावी अशी. मन लागेल तेव्हा काम करू, याऐवजी काम करू म्हणजे मन लागेल. आज आंघोळ करून अंगणात बसायचे, उद्या नाक्यापर्यंत जायचे, परवा एका मित्राला फोन करायचा, असे छोटे छोटे ठरवून करायचे. तीन महिन्यांनी बैठकी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात ३९ टक्के. हे रुग्ण सर्वसाधारण होते, नशा करणारे नव्हते, हे सांगायला हवे. पण तज्ज्ञ कमी असलेल्या आपल्या देशात बोलण्याचे उपचार कोण देऊ शकतो, याचे उत्तर त्यातून मिळाले.

नैराश्य बरे झाले म्हणजे एचआयव्ही टळला, असा सरळ हिशोब मात्र नाही. नैराश्याची गोळी स्वच्छ सुईची जागा घेत नाही आणि ब्युप्रेनॉर्फिनचीही घेत नाही. तिन्ही एकत्र चालावे लागतात, शक्यतो एकाच छपराखाली. कारण तीन खिडक्यांवर तीन रांगा लावण्याचे बळ या रुग्णाकडे नसते. आमच्या बँकेत धडधाकट माणसेही 'त्या काउंटरवर जा' म्हटले की घरी निघून जायची! ज्यांना लागण झालेलीच आहे त्यांच्या बाबतीत फायदा अधिक ठळकपणे दिसतो. नैराश्यावर उपचार घेणारे रुग्ण एचआयव्हीच्या गोळ्या अधिक नियमितपणे घेतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले आहे. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की शारीरिक संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. नवऱ्याचे नैराश्य बरे करणे म्हणजे बायकोला वाचवणे, हे इतके थेट आहे.

मराठी माणसाचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारले तर दोन नावे सांगतो. भारतात एचआयव्ही आहे हे प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये समजले. ते शोधणाऱ्या मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेले, चामड्याच्या व्यापारातील मराठी कुटुंब होते ते. पुढे १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले. तपासणीसोबत समुपदेशन हवेच, हा तिथला पहिल्यापासूनचा आग्रह. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांवर देशातील कितीतरी शहरांत या संस्थेने काम केले आहे. त्याच १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण सुरू केले. अनिताबाई येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या आणि मुक्तांगणची सुरुवातही त्याच आवारात झाली. व्यसन आणि मन ही दोन वेगळी खाती नाहीत, हे त्यांना तेव्हाच दिसले होते.

आणि ग्वाल्हेर? आपल्याकडे १९३५ सालची, शिंदे सरकारच्या काळातील मानसिक आरोग्यशाला आहे. नाव किती चांगले ठेवले होते! पण मोहल्ल्यात कोणाला चिडवायचे तर आपण अजूनही त्याच आरोग्यशाळेचे नाव घेतो. एक काळ तिथली परिस्थिती वाईट होती हेही खरे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९७ साली रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर या तीन संस्थांवर देखरेख ठेवण्याचे काम न्यायालयाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे दिले. तो काळ मागे पडला, आपली भीती मात्र राहिली. ताईंनाही तीच होती. "तिथे नेताना कोणी पाहिले तर थोरलीचे लग्न कसे होईल?" असे त्या म्हणाल्या होत्या.

कायद्याची बाजू थोडक्यात. नशा करणारा स्वतःहून मान्य सरकारी ठिकाणी उपचाराला आला, तर अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ त्याला स्वतःच्या सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते. अर्थात उपचार पूर्ण करायला हवेत. एचआयव्ही व एड्सविषयीचा २०१७ चा कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, नोकरीत किंवा दवाखान्यात भेदभाव करता येत नाही आणि स्वच्छ सुया पुरवणे हा गुन्हा ठरत नाही. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार स्पष्टपणे धरलेले आहेत. आमच्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट जाता जाता सांगतो. आरोग्य विम्यात मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखेच धरावे, असे हाच कायदा सांगतो. पॉलिसी काढून वाचा.

ताईंच्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. आधी त्याला एका खाजगी केंद्रात ठेवले. तिथे मारहाण झाली, तो पळून आला. त्यानंतर एका रात्री घरात असे काही घडले की ताईंनी कोणालाही न विचारता, सकाळी रिक्षा करून त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले, ब्युप्रेनॉर्फिनची व्यवस्था लावली आणि रक्त तपासायला सांगितले. एचआयव्ही निघाला. लागण नेमकी कधी झाली हे कोणी सांगू शकत नाही. पण त्या दोन वर्षांच्या मधोमध त्याने एकदा हिपॅटायटिसची शंका आली म्हणून रक्त तपासून घेतले होते, तेव्हा एचआयव्हीची चाचणी निर्दोष आली होती. तो कागद ताईंनी आम्हाला दाखवला. तारीख पाहिली. आम्ही केबिनमध्ये बोललो होतो त्यानंतरची होती ती, सात महिन्यांनंतरची.

ताईंनी आम्हाला दोष दिला नाही. आम्ही त्यांची माफी मागितली तर म्हणाल्या, "तुम्ही तरी चहा पाजलात, भाऊ." तेव्हापासून त्या आम्हाला साहेब म्हणत नाहीत. मुलगा आज एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेतो. नैराश्याचे औषध दीड वर्ष चालले, आता बंद आहे. मध्ये दोनदा घसरला, पण दोन्ही वेळा स्वतःच केंद्रावर परत गेला. एका छापखान्यात कामाला आहे. थोरलीचे लग्नही झाले.

घरात कोणी असे असेल तर काय करावे? दरडावू नये आणि पाळतही ठेवू नये, सरळ विचारावे. "तुला जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते, असे सगळे डॉक्टर सांगतात. उत्तर हो आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. रात्री-अपरात्री टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, हिंदीत बोलता येते. एचआयव्हीची माहिती आणि जवळचे केंद्र १०९७ वर कळते, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. जयारोग्य रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. हिपॅटायटिस सीची तपासणीही मागून घ्यावी. त्यावर आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्या असतात आणि तो बहुधा पूर्ण बरा होतो. डॉक्टरांना सुरुवातीलाच दोन्ही गोष्टी सांगाव्यात, नशेची आणि उदासीचीही. पुष्कळ घरचे लोक मनोविकारतज्ज्ञांपासून सुई लपवतात आणि व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांपासून उदासी.

एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर समाजाच्या कार्यालयात आमच्या नावाने चिठ्ठी ठेवावी, कारण लिहायची गरज नाही. आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती सोबत येऊ. बाह्यरुग्ण विभागाची खिडकी सकाळी उघडते आणि पर्चीची रांग त्याच्या आधीच लागलेली असते, म्हणून घरून लवकर निघावे लागेल.